आरशामागचा चहा

"हा 'हं' उपरोधिक झाला," श्रीनिवास सर म्हणाले. "मला स्वीकाराचा हवाय."

"हं," आबेदा पुन्हा म्हणाली.

"आता त्यात संशय आला."

"हं."

"आता मला 'बरं, मग मी काय करू?' असं ऐकू आलं. आबेदा, तुमच्यासमोर एक दुखावलेला जीव बसलाय. तो रिक्षाचं भाडं ठरवायला आलेला नाही."

वर्ग खळखळून हसला. हसणाऱ्यांपैकी एकालाही तो 'हं' जमलेला नव्हता, आणि जमायची चिन्हंही नव्हती. पुण्यात वाढलेल्या माणसाच्या तोंडून 'हं' बाहेर पडतो तोच मुळी समोरच्याला त्याची जागा दाखवत. दुकानदाराचा 'हं', बँकेच्या खिडकीमागचा 'हं', सोसायटीच्या सेक्रेटरीचा 'हं'. या सगळ्यांत मुरलेली माणसं शनिवार-रविवार कर्वेनगरातल्या एका बंगल्यात गोल करून बसत आणि तो हुंकार धुऊन पांढरा करायची खटपट करीत. याला मानसोपचाराचं पदव्युत्तर प्रशिक्षण म्हणत.

संस्थेचं नाव इतकं लांब होतं की फाटकावर ते तीन ओळींत मोडलं होतं, आणि तिसरी ओळ बोगनवेलीनं खाल्ली होती. म्हणून सगळे नुसतं 'इन्स्टिट्यूट' म्हणत. श्रीनिवास सर तिचे संस्थापक, संचालक, मुख्य अध्यापक आणि चारच्या चहाचे एकमेव रक्षक. सर कधीकाळी परदेशात एका कार्यशाळेला जाऊन आले होते. कार्यशाळा संपली, सर परत आले, पण विमानातून उतरले आहेत असं त्यांच्या चालण्यावरून अजून वाटत नसे. कुणी रडायला लागलं की सर मान एका बाजूला कलती करत आणि डोळे अर्धे मिटत. ही करुणा की डुलकी, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना कळायचं नाही. दुसऱ्या वर्षी कळायचं, पण तोवर फी भरून झालेली असायची.

आबेदा आली होती हडपसरहून. तिथे तिच्या अब्बांचं, मन्सूरभाईंचं, शाळेच्या गणवेशांचं दुकान. तिनं मानसशास्त्रात एम.ए. केलं आणि शेजारच्या आयटी पार्कात एका कंपनीत नोकरी धरली. नोकरी सोडून जाणाऱ्यांच्या शेवटच्या मुलाखती घ्यायच्या, असं ते काम. जाणारी माणसं तिच्यासमोर बसून भडाभडा बोलायची, रडायची, आणि जाताना म्हणायची, "मॅडम, फार हलकं वाटलं." त्यावरून आबेदाला वाटायला लागलं की आपल्या अंगात काहीतरी आहे. खरं तर त्या माणसांना नोकरी सुटल्यामुळेच हलकं वाटत होतं. पण हे कळायला तिला बराच काळ जावा लागला, आणि त्याआधीच तिनं स्वतःची नोकरी सोडून इन्स्टिट्यूटमध्ये नाव घातलं.

"म्हणजे लोक बोलणार, तू ऐकणार, आणि वर लोकच तुला पैसे देणार?" नूरबानूनं, तिच्या अम्मीनं, चड्डीची शिलाई उसवत विचारलं होतं.

"हो."

"मग तुझ्या फुफूचं मी तीस वर्षं फुकट ऐकलं ते?"

"अम्मी, ते वेगळं. तू ऐकताना मध्ये बोलतेस."

"बोलणारच! मध्ये बोलले नसते तर तुझ्या अब्बांची ती बहीण, नसीमबानू, अजून बोलतच असती."

मन्सूरभाई काउंटरवरून एवढंच म्हणाले, "शिकू दे. शाळेतल्या बाई विचारत होत्या. त्यांना पोरांशी बोलणारं कुणीतरी हवंय. हिच्या हातात तो कागद आला की लगेच ठेवून घेतील."

तर तो कागद हवा होता. दोन वर्षं, शेवटी एक परीक्षा, मग कागद, मग हडपसरच्या शाळेत समुपदेशकाची खुर्ची. हिशेब सरळ होता. वाकडी होती ती आबेदाची जीभ.

वर्गात सराव तिघातिघांत चाले. एकजण उपचारक, एकजण दुःखी, एकजण निरीक्षक. आबेदाच्या त्रिकुटात माधव आणि श्यामला होते. माधव सॉफ्टवेअरमधला मॅनेजर. त्याला चाळिशीत आतला आवाज ऐकू आला होता, आणि तो आवाज त्याच्या हाताखालच्या पोरांना ऐकू आला असता तर त्यांनी पेढे वाटले असते. श्यामला शेजारच्याच सोसायटीतली. तिची सासू ठणठणीत होती, त्यामुळे श्यामलाला सरावासाठी दुःख कधी कमी पडलं नाही.

"माधव, त्या क्षणी तुला शरीरात कुठे, काय जाणवलं?" श्यामला मऊ आवाजात विचारायची.

"इथे." माधव छातीवर हात ठेवायचा. "एक... जडपणा."

"त्या जडपणाला बोलता आलं असतं, तर तो काय म्हणाला असता?"

माधव डोळे मिटायचा. ओठ थरथरायचे. अख्खा बंगला श्वास रोखून बसायचा.

"दुपारी मिसळ खाल्लीस ना?" निरीक्षक आबेदा विचारायची.

"आबेदा, निरीक्षक बोलत नाही," पलीकडून सर. "तुमच्या विनोदामागे काय दडलंय, ते बघा."

विनोदामागे काही दडलेलं नव्हतं. मिसळच होती. पण हे बोललं असतं तर त्यामागेही काहीतरी निघालं असतं, म्हणून आबेदा गप्प बसायची.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला एक खरं माणूस मिळालं. त्याला रुग्ण म्हणायचं नाही, क्लायंट म्हणायचं. आणि वय काही असो, एकेरी नावानं हाक मारायची. "समानता!" सर म्हणाले. "तिकडे सगळे एकमेकांना नावानंच हाक मारतात." सरांना मात्र कुणी नुसतं श्रीनिवास म्हटलेलं चालत नसे. समानता अजून तितकी वर पोचली नव्हती.

आबेदाच्या वाट्याला आल्या कुसुमताई. सत्तरीच्या, इस्त्रीची सुती साडी, केसांत काळा चाप, हातात छत्री. त्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. ऐन उमेदीची वर्षं ट्रंक एक्स्चेंजवर ऑपरेटर म्हणून गेली. परगावचा फोन आधी नोंदवून मग तासन्‌तास वाट बघायची, त्या काळातली गोष्ट. आता त्यांना झोप येत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, गोळ्या नकोत, कुणाशी तरी बोला. इन्स्टिट्यूट घरापासून चालत जाण्याइतकं जवळ होतं आणि विद्यार्थी फुकट ऐकत होते.

गच्चीलगतच्या लहानशा खोलीत दोघी समोरासमोर बसल्या. आबेदानं मनातल्या मनात सरांचं स्मरण केलं आणि म्हणाली, "कुसुम, कशी आहेस?"

कुसुमताईंनी छत्री खुर्चीला टेकवली. चष्मा नीट केला.

"आपण पूर्वी भेटलोय का?" त्यांनी विचारलं. "एका बाकावर वगैरे?"

"नाही, म्हणजे... इथे आम्ही सगळ्यांना—"

"माझ्या सासूबाईंनीसुद्धा मला कधी नुसतं कुसुम म्हटलं नाही. आणि त्यांना माझ्याबद्दल फार आदर होता अशातला भाग नाही."

"माफ करा, कुसुमताई."

"हं. आता बोला."

तो 'हं' आबेदानं जन्मभर लक्षात ठेवण्यासारखा होता. त्यात उपरोध होता, संशय होता, आणि तरीही समोरच्याला पुन्हा एक संधी दिलेली होती. सरांच्या कुठल्याच प्रकारात तो बसला नसता.

"आधी एक सांगा," कुसुमताई म्हणाल्या. "इथं बोललेलं कुठे जातं?"

"कुठेच नाही. या चार भिंतींत राहतं. फक्त माझ्या सरांशी मी बोलेन, शिकण्यापुरतं. तुमचं नाव न घेता."

"सर एकच ना?"

"एकच."

"शब्द देताय?"

"देते."

कुसुमताईंनी छत्री उचलून खुर्चीखाली आडवी ठेवली. म्हणजे त्या आता राहणार होत्या.

त्यानंतर त्या दर गुरुवारी दुपारी यायच्या. पहिले काही गुरुवार सुनेच्या पोळ्यांत गेले, काही लिफ्ट बंद ठेवणाऱ्या सोसायटीत, काही मनपाच्या पाण्यात. आबेदा ऐकायची आणि कधीकधी तिची जीभ सुटायची.

"कुसुमताई, सून तुमच्यासाठी मुद्दाम कच्च्या पोळ्या करते, की तिला सगळ्यांसाठीच कच्च्या येतात?"

कुसुमताई विचार करायच्या. "सगळ्यांसाठीच. पण मी एकटीच बोलते."

सरांना हे सांगितलं की सर कपाळाला हात लावायचे. सर हताश होत होते आणि कुसुमताई मात्र गुरुवार चुकवत नव्हत्या. हळूहळू पोळ्या मागे पडल्या, सोसायटी मागे पडली. आणि एका गुरुवारी, उठता उठता, छत्री हातात घेऊन त्या म्हणाल्या,

"एक फोन होता. फार वर्षांपूर्वीचा. तो अजून कानात वाजतो. कुणाला बोलले नाही मी कधी. ह्यांनाही नाही." मग दाराशी थांबून, "बघू. पुढच्या वेळी जमलं तर."

पुढची वेळ म्हणजे परीक्षा होती.

परीक्षेची रीत अशी: खाली दिवाणखान्यात मध्ये एक काचेची भिंत. काचेवर सरांनी कसलासा पडदा चिकटवून घेतला होता. एका बाजूनं ती आरसा दिसायची, दुसऱ्या बाजूनं खिडकी; मात्र खिडकीच्या बाजूला अंधार असेल तोवरच. आरशाच्या बाजूला उपचारक आणि क्लायंट. खिडकीच्या बाजूला अंधार करून अख्खा वर्ग, सर आणि बाहेरून आलेल्या परीक्षक. आवाज ऐकायला त्या अंधारात स्पीकर. "पुण्यात दुसऱ्या कुणाकडे असा आरसा नाही," सर येईल त्याला सांगायचे. आजपर्यंत कुणी शहानिशा केली नव्हती.

"सर, मग मी कुसुमताईंना आधी सांगते," आबेदा म्हणाली.

"काय सांगणार?"

"की आरशामागे माणसं बसलीत."

सरांची मान कलली. डोळे अर्धे मिटले. "आणि मग कुसुम काय करेल? ठेवणीतली साडी नेसेल. चांगलं चांगलं बोलेल. आपल्याला खरं मटेरिअल हवंय, आबेदा. हळदीकुंकू नकोय."

"पण मी शब्द दिलाय. त्यांनी विचारलं होतं, सर एकच ना? मी म्हटलं, एकच."

"या 'शब्द दिलाय'मध्ये मला तुमची स्वतःची मोठेपणाची भूक दिसते. त्यावर काम करा." सर उठले. "आणि पाटी लावलेली आहे."

पाटी खरंच होती. प्रशिक्षणासाठी येथील सत्रांचे निरीक्षण होऊ शकते, असं इंग्रजीत लिहिलेली, चौकटीत बसवलेली. दाराजवळच्या चपलांच्या कपाटामागे तिचा वरचा डावा कोपरा दिसत असे. पुण्यात पाटी लावली की लावणाऱ्याची जबाबदारी संपते आणि न वाचणाऱ्याचा अपराध सुरू होतो. सरांनी मानवी मनाचा कितीही अभ्यास केला असला, तरी या एका श्रद्धेला त्यांनी कधी धक्का लागू दिला नव्हता.

आबेदाच्या जिभेला हडपसरात सगळे दबून असत. त्या दिवशी ती जीभ दातांआड गेली ती गेलीच. शाळेतल्या बाईंचा अब्बांना दोनदा निरोप आला होता. रात्री तिनं कुसुमताईंना फोन लावला. सगळं सांगून टाकायचं म्हणूनच लावला.

"गुरुवारी येताय ना, कुसुमताई?"

"येणार तर. का हो?"

"काही नाही. खालच्या खोलीत बसायचंय या वेळी."

"बरं झालं. माझे गुडघे वाचले."

गुरुवारी कुसुमताई आल्या त्या थेट आरशापाशी गेल्या. केसांतला चाप काढला, दातांत धरला, केस मागे घेतले, चाप पुन्हा लावला. मग जवळ जाऊन, ओठ फाकवून, कवळी नीट बसली आहे का ते पाहिलं. काचेला नाक लागायचं तेवढं राहिलं होतं. आणि त्या काचेच्या पलीकडे, त्या नाकासमोर, पहिल्या ओळीत परीक्षक विजयमालाबाई बसल्या होत्या, हे आबेदाला ठाऊक होतं. पलीकडून खुसखुस ऐकू आली. श्यामलाच असणार.

"उंदीर आहेत का हो इथं?" कुसुमताईंनी विचारलं.

"आहेत," आबेदा म्हणाली. हे एकच वाक्य त्या सत्रात तिनं मनापासून उच्चारलं.

दोघी बसल्या. छत्री खुर्चीखाली गेली. कुसुमताईंनी पदर गुडघ्यावर सारखा केला, एकदा, दोनदा. आणि एरवी पोळ्यांपासून सुरू करणारी ती बाई त्या दिवशी कशाचीच प्रस्तावना न करता म्हणाली,

"मी ठरवून आलेय आज. तो फोन. दुपारची पाळी होती. ट्रंक बोर्डावर कॉल जोडून दिला की आपण बाजूला व्हायचं, असा नियम. मी कॉल जोडला, आणि लाइनवर ओळखीचा आवाज—"

"पाणी हवंय का?" आबेदा म्हणाली.

"नको. तर ओळखीचा आवाज आला. मी कानाचं काढायला हवं होतं, पण—"

"बोर्ड मोठा असेल ना तेव्हा? किती जणी बसायचात?"

कुसुमताई थांबल्या. "पुष्कळ. ते महत्त्वाचं नाही."

"नाही, मला कुतूहल आहे. गणवेश असायचा का तुम्हाला? आमचं गणवेशांचं दुकान आहे, म्हणून विचारते. आणि परवा पोळ्यांचं काय झालं? सुधारल्या का? माझी अम्मी म्हणते, कणीक जरा सैल भिजवली की—"

आबेदाला स्वतःचा आवाज ऐकू येत होता. दोन वर्षं जे जे करू नका म्हणून सांगितलं, ते सगळं ती एका दमात करत होती. मध्ये बोलणं, विषय बदलणं, स्वतःचं घर मध्ये आणणं, सल्ला देणं. आरशामागे पेनं चालत असणार. पण कुसुमताई पुन्हा त्या फोनकडे वळल्या की आबेदा पुन्हा कणकेत शिरत होती. उठून "मागे माणसं बसलीत" म्हणायला पुरेल इतकं धाडस तिच्यात नव्हतं, आणि गप्प राहून ऐकायला पुरेल इतका निगरगट्टपणाही नव्हता. म्हणून ही बडबड.

"आज तुम्ही ऐकत नाही आहात," कुसुमताई म्हणाल्या. आवाज लहान झाला होता. "मी इतक्या दिवसांनी तोंड उघडलं, आणि तुम्ही कणीक काय सांगताय?"

आबेदानं पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

बरोबर त्याच वेळी चार वाजले.

बंगल्यात भूकंप झाला असता तरी चारचा चहा टळला नसता. संपत, इन्स्टिट्यूटचा पन्नाशीतला शिपाई, ट्रे घेऊन मागच्या दारानं अंधारात शिरला. सरांना मधुमेह होता. त्यांचा बिनसाखरेचा चहा निळ्या काठाच्या कपात असे, बाकीच्यांचा तांबड्या. अंधारात निळा कुठला, तांबडा कुठला? सरांनी एक कप उचलला, घोट घेतला, गोड लागला. दुसरा उचलला. मग जे कुठल्याही माणसानं केलं असतं ते सरांनी केलं. दिवा लावला.

आणि आरसा नाहीसा झाला.

नाटकात पडदा चुकून आधी वर जावा आणि मंडळी विड्या ओढत उभी दिसावीत, तसा सगळा वर्ग समोर उभा राहिला. मधोमध दोन हातांत दोन कप घेतलेले श्रीनिवास सर. माधव मोबाइलमध्ये. श्यामला एका हातानं डोळे पुसत होती आणि दुसऱ्या हातात खारी होती. विजयमालाबाई चहात खारी बुडवून, पुढे वाकून, अजूनही कुसुमताईंकडेच बघत होत्या. त्यांच्यापैकी कुणालाच कळलं नव्हतं. सरांनी निळ्या कपाचा घोट घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. स्वीकाराचा 'हं' कसा दिसतो, ते आबेदाला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

कुसुमताई उठल्या. काचेपाशी गेल्या. बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं.

"खारी काढा बाहेर," त्या विजयमालाबाईंना म्हणाल्या. "पडेल."

स्पीकरमधून ते आत पोचलं. विजयमालाबाई दचकल्या आणि खारी पडली.

"चालू द्या, चालू द्या," कुसुमताई म्हणाल्या. "चहा गार करू नका."

सरांनी घाईनं दिवा मालवला. समोर पुन्हा आरसा आला, आणि त्यात छत्री घ्यायला वाकलेली एक म्हातारी आणि भिंतीला टेकलेली एक तरुण बाई, दोघीच दिसायला लागल्या.

"कुसुमताई, मी सांगणार होते..."

"मग सांगायचं होतंत. फोन केलात ना त्या रात्री?" कुसुमताईंनी छत्री काखेत मारली. "एवढी कणीक मळण्यापेक्षा ते सोपं होतं."

"मला वाटलं, मी मध्ये बोलत राहिले तर तुम्ही—"

"ते कळलं मला. आत्ता कळलं." त्या दाराशी थांबल्या. "आम्हीही ऐकायचो, बरं का. ट्रंकवर. सगळ्याच ऐकायच्या. डबे खात खात ऐकायच्या. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा बाप गेला, सगळं. त्याचं मला काही वाटत नाही." मग छत्रीचं टोक आबेदाच्या दिशेनं वळलं. "पण आम्ही कधी लाइनवरच्या माणसाला सांगितलं नाही, की बोला, कुणी ऐकत नाहीये."

चपला घालून त्या गेल्या. पाटी त्यांच्या खांद्याच्या मागेच होती. कपाटाआड.

अर्ध्या तासानं निकालाची बैठक बसली. सरांनी डोळे अर्धे मिटून सुरुवात केली.

"फार समृद्ध सत्र होतं. क्लायंटचा मूळचा संशयी स्वभाव आपल्याला थेट पाहायला मिळाला. आपल्याला कुणीतरी बघतंय, ही भावना."

"सर, बघतच होते," आबेदा म्हणाली.

"मी तिच्या आतल्या वास्तवाबद्दल बोलतोय."

विजयमालाबाई साडीवरचा चहाचा डाग रुमालानं पुसत होत्या. बाई मुंबईच्या मोठ्या विद्यापीठातल्या, पुस्तकं वगैरे लिहिलेल्या. पुसता पुसता त्यांनी विचारलं, "एक औपचारिक बाब. क्लायंटला निरीक्षणाची कल्पना दिली होती ना?"

"अर्थात," सर म्हणाले. "आबेदानं दिली होती. शिवाय पाटीही आहे. हो ना, आबेदा?"

सगळा गोल तिच्याकडे वळला. सरांचा आवाज मऊ होता, श्यामलाच्या आवाजापेक्षा मऊ. 'हो' म्हटलं की कागद. 'हो'सुद्धा नाही, मान हलवली तरी चाललं असतं. हडपसर, शाळा, खुर्ची. तिला वाटलं, मघाशी एका वाक्याचं धाडस लागत होतं, आता एका शब्दाचं लागतंय, म्हणजे भाव उतरलाय.

"नाही," आबेदा म्हणाली. "मी दिली नव्हती. सरांनी देऊ नका म्हटलं आणि मी ऐकलं. पाटी चपलांच्या कपाटामागे आहे. मी त्या बाईंना शब्द दिला होता की एकच माणूस ऐकेल, आणि तुम्हा सगळ्यांना बसवून मी त्यांना बोलतं केलं."

कुणी खोकलं. माधवनं छातीवर हात ठेवला, बहुधा जडपणा जाणवून.

"हा प्रामाणिकपणा मला स्पर्शून गेला," विजयमालाबाई म्हणाल्या. आणि रुमालाची घडी घालून पुढे, "पण गुण तंत्राला आहेत. तुम्ही फारच बोलता हो."

आबेदा नापास झाली. माधव पास झाला. त्याचा क्लायंट सत्रात चक्क झोपला होता, त्याला 'गाढ विश्रांतीची अवस्था' असा शेरा मिळाला. श्यामला पहिली आली. संस्थेत बदल झाला तो एवढाच, की पाटी कपाटामागून काढून कपाटाच्या वर लावली. इंग्रजीतच.

"काय झालं?" घरी नूरबानूनं विचारलं.

"नापास."

"का?"

"जास्त बोलले."

"हे आम्ही फुकट सांगितलं असतं," अम्मी म्हणाली, आणि ताट वाढायला घेतलं. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाईंना मन्सूरभाईंनी परस्पर निरोप दिला, की दुसरं कुणी बघा.

आबेदानं कुसुमताईंना फोन लावला. घंटी बरीच वाजली.

"हॅलो, कुसुमताई, मी आबेदा."

पलीकडून एक तरुण, सपाट, खात्यातला आवाज आला. सत्तरीच्या बाईत इतकी वर्षं घडी करून ठेवलेला.

"या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत. कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा."

आणि फोन ठेवला गेला.

थोडा वेळ म्हणजे किती, ते खात्यानं कधीच सांगितलेलं नाही. आबेदानं दुसऱ्या एका ठिकाणी सगळं पहिल्यापासून शिकायला घेतलं. तिथे आरसा नव्हता. तिथल्या बाई तोंडाळ होत्या आणि 'हं'वर एक तासही घालवत नव्हत्या. शिकून झाल्यावर मन्सूरभाईंनी दुकानावरची माल ठेवायची खोली रिकामी करून दिली. अर्धीच. उरलेल्या अर्ध्यात कपाट होतं आणि कपाटात खाकी हाफपँटींचे गठ्ठे. आबेदानं दोन खुर्च्या मांडल्या, दाराला आतून कडी बसवून घेतली, आणि मग फोन उचलला.

"कुसुमताई, आबेदा बोलतेय. लाइन मोकळी झाली का?"



"हडपसरला कुठली बस येते?" कुसुमताईंनी विचारलं.

त्या गुरुवारी आल्या. जिना चढताना गुडघ्यांबद्दल बोलल्या, दारात टेकून दम घेतला. मग बसायच्या आधी छत्रीच्या मुठीनं त्यांनी चारही भिंती ठोकून पाहिल्या. कॅलेंडर उचलून मागे पाहिलं. कपाट उघडलं, हाफपँटींचा एक गठ्ठा सरकवून आत डोकावल्या, पुन्हा लावलं.

"चहा असतो का इथं?"

"नाही."

"बरं आहे." त्या बसल्या. छत्री हातातच होती. "आज कोण बोलणार आहे? तुम्ही की मी?"

"तुम्ही."

"बघा हं. कणीक काढलीत तर उठून जाईन."

कुसुमताईंनी गुडघ्यावरचा पदर सारखा केला. खिडकीकडे पाहिलं, दाराच्या कडीकडे पाहिलं.

"दुपारची पाळी होती," त्या म्हणाल्या. "मी कॉल जोडला, आणि लाइनवर ओळखीचा आवाज आला."

"हं," आबेदा म्हणाली.

कुसुमताई थांबल्या. पलीकडे खरंच कुणी आहे का, हे ऑपरेटर जसं कान देऊन बघते, तसा तो 'हं' त्यांनी क्षणभर तपासला. मग वाकून छत्री खुर्चीखाली आडवी ठेवली आणि पुढे बोलायला लागल्या.

खाली दुकानात मन्सूरभाई एका गिऱ्हाइकाला समजावत होते, की पँट पहिल्या धुण्यात आटते, एक माप मोठीच घ्या. वर दार बंद होतं.